काकांचं इंजिन का पळालं

काकांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला तो २०२१ मध्ये. आधी चहाचा कप बशीवर खुळखुळायचा, मग शर्टाच्या बटणांना वेळ लागायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं. काकांनी गोळ्या सुरू केल्या, सकाळचं फिरणं चालू ठेवलं, बँकेतली सही बदलून घेतली. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाही न सांगता थांबवली. आतल्या खोलीतली आगगाडी.

ही आगगाडी म्हणजे लहान मुलांचं खेळणं नाही. आठ फूट बाय चार फुटांचं प्लायवूड, त्यावर १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ, एक स्टेशन, प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोगदा, सहा सांधे आणि खाली वायरींचं जंगल. या मापाला एचओ म्हणतात, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढं. काका पिंपरीतल्या एका कारखान्यात होते. १९७९ मध्ये कंपनीने सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी न्युरेंबर्गजवळ पाठवलं, तेव्हा जेवणाच्या भत्त्यातून पैसे वाचवून त्यांनी एक इंजिन आणलं. तांबड्या रंगाचं, गोल नाकाचं व्ही-२००. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेवर १९५३ पासून धावलेलं डिझेल इंजिन. काकू अजून सांगते, की सगळ्यांना वाटलं हे साडी नाहीतर सेंट आणतील, आणि बॅगेतून निघालं इंजिन.

मी सात वर्षांची असताना काका मला जोशींच्या रेल्वे संग्रहालयात घेऊन गेले होते. कोथरूडला, संगम प्रेस रस्त्यावर. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं ते छोटं शहर १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. पुण्यातल्या बऱ्याच मुलांनी शाळेच्या सहलीत ते पाहिलेलं असतं. दिवे मंद झाले, गाड्या सुटल्या, सगळी मुलं ओरडली. काका मात्र वाकून टेबलाच्या खाली काय दिसतंय का ते बघत होते. "वरचं सगळ्यांना दिसतं," ते म्हणाले, "मजा खाली असते." मी पुढे इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि आता हिंजवडीत फर्मवेअर टेस्टिंग करते, त्यात या वाक्याचा थोडा हात आहे.

तर गाडी थांबली. का थांबली ते कळायला मला दोन वर्षं लागली, कारण काका म्हणायचे, "आता इंटरेस्ट नाही राहिला." २०२४ च्या उन्हाळ्यात एरंडवण्यातली त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. दिवाळीनंतर जागा रिकामी करायची होती. भाड्याच्या फ्लॅटमध्ये आठ बाय चारचं प्लायवूड जाणार नव्हतं. ते कापावं लागणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एका रविवारी मी म्हणाले, "काका, कापायच्या आधी एकदा चालवून बघू." त्यांनी नाइलाजाने ट्रान्सफॉर्मर लावला, नॉबवर हात ठेवला आणि मला दिसलं.

जुन्या पद्धतीत रुळांवर डीसी वीज असते. नॉब फिरवला की रुळांवरचे व्होल्ट वाढतात, शून्यापासून बारापर्यंत, आणि इंजिन तेवढं जोरात धावतं. दिशा बदलायची तर अधिक-उणे उलटं करायचं. मध्ये काहीच नाही. बोटांनी जे केलं ते तत्क्षणी चाकांत उतरतं. पार्किन्सन्सचा कंप साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होतो. नॉबवरचा हात थरथरत होता आणि टेबलावर ते तांबडं इंजिन तसंच्या तसं थरथरत पुढे सरकत होतं. काकांचा आजार रुळांवर चालत होता. त्यांनी नॉब शून्यावर आणला आणि म्हणाले, "बघितलंस? झालं समाधान?"

त्या रात्री घरी आल्यावर माझ्या डोक्यात डीसीसी आलं.

डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. १९८० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत बर्न्ड लेन्झ यांनी हे तंत्र घडवलं आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने त्याचं प्रमाण ठरवलं. यात रुळांवर कायम पूर्ण दाब असतो, साधारण पंधरा व्होल्ट. पण त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत राहते, आणि या उलटण्याच्या वेळांत संदेश लपवलेला असतो. प्रत्येक अर्धा ठोका ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो १, आणि १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ०. इंजिनाच्या पोटात नखाएवढं सर्किट बसवतात, त्याला डिकोडर म्हणतात. तो रुळांवरून वीजही घेतो आणि संदेशही वाचतो: "पत्ता क्रमांक ३, पुढे जा, वेग १०." मग मोटरला किती वीज द्यायची ते तो ठरवतो.

मला हवं होतं ते त्याच्याही पुढचं. डिकोडरमध्ये सीव्ही नावाचे क्रमांकित खण असतात, त्यांत आकडे भरून त्याचा स्वभाव ठरवता येतो. सीव्ही ३ म्हणजे वेग किती सावकाश वाढावा, सीव्ही ४ म्हणजे किती सावकाश कमी व्हावा. त्यात आकडा भरला की नॉब सेकंदात पाच वेळा थरथरला तरी इंजिन थरथरत नाही. ते सरासरी ऐकतं.

काकांनी ठाम नकार दिला.

"ते १९७९ मध्ये जसं डब्यातून निघालं तसंच राहणार. मी गेल्यावर काय करायचं ते करा."

यावर मी त्यांना त्यांचाच मुंबई–पुणे मार्ग ऐकवला. ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. १९२९-३० मध्ये तीच डीसी घाट चढून पुण्यापर्यंत आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. पुढे देशभर २५,००० व्होल्ट एसी आली आणि आपल्याकडे मात्र दोन्ही राज्यं शेजारी शेजारी नांदत राहिली. मग रेल्वेने दोन्हींवर चालणारी डब्ल्यूसीएएम जातीची इंजिनं काढली. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची डीसी बंद झाली आणि हे प्रकरण संपलं. "डेक्कन क्वीनने वीज बदलली तेव्हा ती डेक्कन क्वीन राहिली नाही का?" मी विचारलं.

काकांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "अट ऐक. बॉडी कापायची नाही, भोक पाडायचं नाही. जे काढशील ते डबीत ठेवायचं, नाव लिहून. परत पूर्वीसारखं करता आलं पाहिजे."

अट मान्य झाली. मी डिकोडर आणि नॉब असलेला एक छोटा कंट्रोलर बाहेरून मागवला. मोबाईल ॲपवरही चालतं, पण थरथरत्या बोटाला काचेवरची पट्टी सरकवणं नॉबपेक्षाही अवघड, म्हणून नॉबच हवा होता. बाकीचं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळालं: बारीक वायर, श्रिंक ट्यूब, एक किलोओहमचे रेझिस्टर, एलईडी. दुकानदाराने विचारलं, "ड्रोन का?" मी म्हटलं, "आगगाडी." त्याने वर पाहिलं आणि वायर मोजून न घेता हातभर जास्त दिली.

जुन्या इंजिनात डिकोडर बसवताना एक गोष्ट सगळ्यात आधी बघायची असते. मोटरला दोन कार्बन ब्रश असतात. जुन्या काळी वायर वाचवण्यासाठी त्यातला एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकवलेला असे आणि सांगाडा एका बाजूच्या रुळाशी जोडलेला असे. डीसीवर याने काही बिघडत नाही. डीसीसीमध्ये मात्र मोटर आणि रूळ यांचा थेट संबंध आला तर डिकोडर पहिल्या सेकंदात जळतो. मल्टिमीटर बीपवर ठेवला, एक टोक ब्रशला, दुसरं सांगाड्याला. बीप वाजली. मग ब्रश धरणारा तुकडा काढून त्याखाली इन्सुलेशन घातलं, स्क्रूला प्लास्टिकची बाही घातली, पुन्हा तपासलं. शांतता. मग चाक हाताने धरून बारा व्होल्टवर मोटर किती करंट खेचते ते मोजलं: ०.७ अँपिअर. डिकोडर एक अँपिअरचा, म्हणजे पेलेल.

वायरींचे रंग ठरलेले असतात, जगभर तेच. तांबडी उजव्या रुळाकडून, काळी डाव्या. केशरी आणि करडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. काका शेजारी खुर्चीवर बसून प्रत्येक डाग देताना बघत होते. "कथील कमी," एवढंच अधूनमधून म्हणायचे.

प्रोग्रामिंगच्या वेगळ्या तुकड्यावर इंजिन ठेवलं. इथे करंट मर्यादित असतो, म्हणजे काही चुकीचं जोडलेलं असेल तरी जळत नाही. कंट्रोलर प्रश्न विचारतो आणि डिकोडर उत्तर म्हणून मोटरला क्षणभर वीज देतो, त्या वाढलेल्या करंटवरून उत्तर कळतं. डोळ्यांना एवढंच दिसतं की इंजिन जागच्या जागी दचकतं. "हो म्हणालं," काका म्हणाले. पत्ता ३. सगळं ठीक.

मग ते मोठ्या टेबलावर आलं. काकांनी नॉब फिरवला. इंजिन स्टेशनातून अलगद निघालं, बोगद्यात गेलं, बाहेर आलं. हात थरथरत होता, इंजिन नव्हतं. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत मागच्या सरळ रुळावर ते एकदम सुसाट पळालं. नॉब जागेवर होता. इंजिन पूर्ण वेगाने वळणावर आलं, रुळावरून उतरलं आणि टेबलाच्या कडेकडे घसरत गेलं. काकांचा हात पुढे झाला, पण वेळेवर बंद झाला नाही. काकू दाराशी मटार सोलत बसली होती. तिने परात पुढे केली आणि पंचेचाळीस वर्षांचं इंजिन मटारात पडलं.

कुणाला काही लागलं नाही, इंजिनालाही नाही. काकांनी बटण बंद केलं. "आता त्यालाही हाताबाहेर जायचा रोग झाला," ते म्हणाले आणि आत जाऊन पडले.

माझ्या नोकरीत एक नियम आहे. बिघाड दुरुस्त करण्याआधी तो मुद्दाम घडवून आणता आला पाहिजे. मी एक वही केली. टेबलाच्या कडेला जाड उशा लावल्या आणि इंजिन फिरवत राहिले. कितव्या फेरीत पळतं, कुठे पळतं, काय वेग होता. साधारण तीन-चार फेऱ्यांत एकदा.

पहिला संशय डिकोडरवर. इंजिन दोन ठोकळ्यांवर उलटं ठेवलं, चाकं हवेत, आणि क्लिपांनी थेट वीज दिली. चाळीस मिनिटं एकाच वेगाने फिरलं, एकदाही चुकलं नाही. म्हणजे डिकोडर आणि मोटर निर्दोष. गोंधळ रूळ आणि चाक यांच्या मध्ये कुठेतरी होता.

दुसरा संशय वायरिंगवर. काकांनी टेबलाचे चार विभाग केले होते, प्रत्येकाला वेगळी वीज आणि वेगळा स्विच, म्हणजे जुन्या पद्धतीत दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता याव्यात. आता चारही स्विच चालू ठेवायचे होते. प्रत्येक विभागात मल्टिमीटर लावला. साध्या मल्टिमीटरला डीसीसीचा आकडा अचूक मोजता येत नाही, पण तुलना करता येते. चारही ठिकाणी सारखाच. "माझे जोड आहेत ते," काका आतून म्हणाले. झोपले नव्हते.

तिसरा संशय घाणीवर. चाकांवर काळा थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस भिजवून चाकं आणि रूळ पुसले. आता पंधरा-वीस फेऱ्यांत एकदा पळायला लागलं. घाणीचा संबंध होता, पण ती एकटी जबाबदार नव्हती. शिवाय मुख्य प्रश्न तसाच राहिला. घाणीमुळे वीज क्षणभर तुटली तर इंजिन अडखळेल, थांबेल. पळेल कसं? वीज तुटल्यावर कुणी जोरात धावतं का?

हा प्रश्न मी जेवताना मोठ्याने विचारला. काका भाकरी कुस्करत होते. ते थांबले.

"रुळावर किती व्होल्ट आहेत म्हणालीस?"

"पंधरा. कायम."

"मग ते पळत नाहीये. त्याला वाटतंय मी नॉब शेवटपर्यंत फिरवलाय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्याला फक्त डीसी माहीत आहे, त्या माणसाला हे दिसणं स्वाभाविक होतं. आजचे बरेच डिकोडर दोन्ही पद्धतींवर चालतील असे बनवलेले असतात, डब्ल्यूसीएएम इंजिनांसारखे. फरक असा, की डब्ल्यूसीएएममध्ये कोणती वीज आहे याचा निर्णय ड्रायव्हर घ्यायचा आणि इथे डिकोडर स्वतः घेतो. वीज तुटून परत आली, संदेश नीट ऐकू आला नाही, की त्याला वाटतं, आपण जुन्या डीसी रुळांवर आहोत. आणि डीसीच्या भाषेत पंधरा व्होल्टचा अर्थ एकच: जेवढं धावता येईल तेवढं धाव.

यासाठी सीव्ही २९ असतो. त्यात वेगवेगळ्या गोष्टींच्या होकाराचे आकडे मिळवून ठेवलेले असतात. आमच्या डिकोडरमध्ये कारखान्यातूनच ६ होता: वेगाच्या २८ पायऱ्यांचे २ आणि "डीसीवरही चालेन" याचे ४. चार वजा केले. सीव्ही २९ बरोबर २. डीसीची भाषा बंद.

त्यानंतर इंजिन एकदाही पळालं नाही. काकांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, "बरा झालाय की नुसता ताप उतरलाय?"

ताप उतरला होता. चाळीस फेऱ्यांत इंजिन पळालं नाही, पण पाच वेळा धक्का खाऊन थांबलं आणि पुन्हा निघालं. वहीतल्या नोंदी पुन्हा बघितल्या. आधीचं पळणं आणि आताचं थांबणं, सगळं एकाच विभागात. मागचा सरळ रूळ आणि त्याला लागून असलेलं वळण, विभाग क्रमांक १. तिथे एक सांधा होता आणि त्याच्या मधला प्लास्टिकचा तुकडा वीज देत नाही, म्हणून इतके दिवस माझं लक्ष त्याच्यावर होतं. पण तसे सांधे इतर विभागांतही होते आणि तिथे काही होत नव्हतं.

आता टेबलाखाली शिरणं भाग होतं. मी बॅटरी घेऊन उताणी झोपले. वर चाळीस वर्षांच्या वायरी, प्रत्येकीवर शाईने लिहिलेली कागदी पट्टी. काकू दाराशी येऊन उभी राहिली.

"काय शोधतेस?"

"माहीत नाही. एक नंबरच्या विभागात काय वेगळं आहे ते."

"एक नंबर म्हणजे पहिला ना? तो तेव्हाचा. तेव्हा नुसता गोल होता, खेळण्यासारखा. बाकीचं नंतर वाढवलं यांनी." मग ती हसली. "काय भांडणं व्हायची त्या गोलावरून. हे गाडी लावायचे आणि टीव्हीवर मुंग्या यायच्या. ऐन रविवारी सिनेमाच्या वेळेला. शेवटी मी सांगितलं, एक तर गाडी राहील नाही तर टीव्ही. मग यांनी खाली काहीतरी लावलं आणि मुंग्या गेल्या."

मी टेबलाखालून विचारलं, "काय लावलं?"

आतून आवाज आला. "कपॅसिटर."

तो मिळायला दोन मिनिटं लागली. विभाग १ ला वीज देणाऱ्या दोन वायरींच्या मध्ये, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला. काकांनी टीव्हीचा त्रास घालवण्यासाठी तो बसवला होता आणि त्या काळी ते अगदी बरोबर होतं. मोटरच्या ब्रशवर ठिणग्या उडतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात, सिंहगडावरच्या टॉवरकडून येणाऱ्या चित्रात त्या मुंग्या होऊन दिसतात. कपॅसिटर अशा झटपट बदलणाऱ्या विजेला गिळतो. त्याचं काम तेच. आणि डीसीसीचा संदेश म्हणजे झटपट बदलणारी वीजच. डोळ्यांत तेल घालून बसलेला हा पहारेकरी चाळीस वर्षं मुंग्या अडवत होता, आता आमचे संदेश अडवायला लागला होता. पूर्णपणे नाही, थोडे. चाकं स्वच्छ असली की डिकोडरला उरलेलं पुरत होतं, जरा घाण आली की पुरत नव्हतं.

काढण्याआधी मला खात्री करायची होती. एका मित्राकडून खिशात मावणारा ऑसिलोस्कोप आणला. विभाग २ मध्ये लावला: चौकोनी लाट, कोपरे धारदार. विभाग १ मध्ये लावला: तीच उंची, पण कोपरे झिजलेले, साबणाच्या वडीसारखे. म्हणून मल्टिमीटरला काही सापडलं नव्हतं. वीज किती आहे ते तो सांगतो, कशी आहे ते नाही.

कपॅसिटर काढायचं काम काकांनी स्वतः करायचं ठरवलं. मी इस्त्री गरम करून दिली आणि त्यांचं मनगट माझ्या हातात धरलं. खुर्चीत बसून, टेबलाच्या कडेखाली वाकून, दोन डाग सोडवायला पंधरा मिनिटं लागली. काकू म्हणाली, "काढा आता, मी कुठे दूरदर्शन बघते."

त्या संध्याकाळी शंभर फेऱ्या झाल्या. इंजिन पळालं नाही, थांबलं नाही. मग सीव्ही ३ आणि ४ मध्ये १२ भरले. प्रमाणाच्या हिशोबाने सीव्ही ३ च्या आकड्याला साधारण ०.९ ने गुणलं की शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत लागणारे सेकंद मिळतात, म्हणजे सुमारे अकरा. काकांनी नॉब हातात घेतला. हात नेहमीसारखा थरथरत होता. तांबडं इंजिन स्टेशनातून निघालं ते इतकं संथ, की चाकाचा एकेक फेरा मोजता यावा.

मला वाटलं ते खूश होतील. ते दहा मिनिटं चालवत राहिले आणि म्हणाले, "हे मी चालवत नाहीये. मी सांगतो आणि ते चालतं."

मी काही बोलले नाही. ते खरं होतं. आधी बोट आणि चाक यांच्यामध्ये फक्त तांबं होतं. आता मध्ये एक तिसरा बसला होता, जो काकांचं ऐकून घेत होता, त्यातला कंप वगळत होता आणि उरलेलं पुढे सांगत होता. मदत म्हणून हे चांगलंच. पण आपल्या हाताचं भाषांतर होतंय हे ज्याला कळतं, त्याला ते टोचणारच. शर्टाची बटणं दुसऱ्याने लावून दिल्यासारखं.

पुढच्या रविवारी गेले तर ते आधीच टेबलापाशी होते. सीव्ही ४ त्यांनी स्वतः वाढवून ३० केला होता, मॅन्युअल वाचून. आता नॉब शून्यावर आणल्यावरही इंजिन बरंच पुढे घरंगळत जाऊन थांबत होतं. "स्टेशनात बरोबर फलाटाशी उभं करायचं तर बोगद्यातूनच तोडावं लागतं," ते म्हणाले. "लोणावळ्याहून घाट उतरताना ड्रायव्हर काय करतो? १ ला ३७ चा उतार. ब्रेक लावला की लगेच थांबते का गाडी? तोही सांगतोच. पण आधी सांगतो." आणि त्यांनी इंजिन फलाटाच्या टोकाशी, खडूच्या खुणेवर, थांबवून दाखवलं. तिसऱ्या प्रयत्नात. पहिले दोन मी मोजू नयेत असं त्यांचं म्हणणं होतं.

मला तेव्हा कळलं की मी त्यांना सोपं करून दिलं होतं आणि त्यांना ते पुन्हा अवघड करून हवं होतं. हात न थरथरता चालवणं हा त्यांच्या दृष्टीने पराक्रम नव्हता, ते डिकोडरचं काम. अंदाज त्यांचा होता, आणि अंदाजाला कंप नसतो.

दिवाळीपर्यंत ते रोज संध्याकाळी तासभर चालवायचे. भाऊबिजेला सगळे जमले तेव्हा माझ्या आतेभावाच्या मुलीने खुणेवर इंजिन थांबवायची पैज लावली आणि हरली. नंतरच्या आठवड्यात आम्ही प्लायवूड कापलं. विभागांच्या रेषेवरच कापलं, त्यामुळे चारही तुकडे स्वतंत्र शिल्लक आहेत. तीन माझ्याकडे, कपाटामागे उभे. एक भाड्याच्या फ्लॅटमध्ये काकांच्या पलंगाखाली, विभाग १.

इंजिन त्याच्या मूळ खोक्यात आहे. खोक्यात एक फिल्मची जुनी प्लास्टिक डबी आहे आणि तिच्यात अटीप्रमाणे सगळं काढलेलं सामान: दोन बारीक बल्ब, एक स्क्रू, ब्रशखालची पितळी पट्टी आणि काळ्या टेपमधला कपॅसिटर. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काकांनी बॉलपेनने लिहून ठेवलंय. अक्षर वाकडंतिकडं, ओळ खाली उतरत गेलेली, पण वाचता येतं: पत्ता ३. सीव्ही २९ = २. सीव्ही ३ = १२. सीव्ही ४ = ३०. खाली तारीख. आणि तिच्याही खाली, कंसात, "टीव्ही लावल्यास कपॅसिटर परत बसवणे."